थांबाकाका

इंदूरच्या मराठी लग्नात चालू विधी थांबवायचा अधिकार दोघांनाच असतो, भटजींना आणि थांबाकाकांना. त्यातही भटजी मुहूर्ताला बांधलेले. काकांना ती अडचण नाही. शेवटचं ‘सावधान’ होतं, वाजंत्री हात उचलतात, दोन्ही मामा अंतरपाट सोडायच्या बेतात असतात, आणि खांबाआडून आवाज येतो, “थांबा!” सगळा मांडव जागच्या जागी थिजतो. वराच्या हातातली माळ अधांतरी, वधूची मान अर्धी वर, अक्षता टाकायला उचललेले शंभर हात तसेच वर. काका एक डोळा मिटून बघतात, एक पाऊल मागे जातात, कुणाच्या तरी आजीच्या पायावर पाय देतात, “वहिनी, जरा खिसका,” म्हणतात, पुन्हा बघतात. मग खट्. “हां, चालू द्या.” तेव्हा कुठे लग्न लागतं.

हा प्राणी प्रत्येक गोतावळ्यात एक असतोच. रामबागेत एक आहे, नारायण बागेत एक आहे, राजेंद्रनगरात बहुधा दोन असावेत आणि त्यांचं आपसात पटत नसावं. पुण्यात, नागपुरात, बडोद्यातही हे लोक असणार. पण इंदूरला त्यांची वाढ जरा जोमाने होते. आठ-आठ पिढ्या माळव्यात काढलेल्या माणसांना आपण कोण, कुठून आलो, होळकरांच्या कुठल्या कारखान्यात आपले पणजोबा कारकून होते, हे सांगायची फार हौस असते, आणि ऐकणारा “काहो, खरंच?” असं तोंड करतो तेव्हा खिशातून काही तरी काढून दाखवावं लागतं. मी लिहितो आहे ते आमच्या वाट्याला आलेले थांबाकाका. बिनबाह्यांचा स्वेटर, वरच्या खिशात दोन पेनं, गळ्यात चामडी पेटीतला कॅमेरा आणि चेहऱ्यावर सदैव एक हिशेब.

फोटो काढणाऱ्यांच्या हल्ली पुष्कळ जाती झाल्या आहेत. छप्पन दुकानवर पोहे-जिलबी समोर आली की आधी फोनला नैवेद्य दाखवून मग चमचा उचलणारे आहेत. रात्री सराफ्यात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात, तो नेमका हवेत असतानाच टिपायचा म्हणून चार-चार द्रोण विकत घेणारे आहेत. विकणाऱ्याची त्याला ना नाही. पाताळपाणीच्या धबधब्याकडे पाठ करून स्वतःकडे बघणारे आहेत. या सगळ्यांना फोटो हवा असतो तो लगेच चारचौघांना दाखवायला. काकांना तो हवा असतो, वेळ आली की काढायला. मोठा फरक आहे. लोक म्हणतात, फोटो म्हणजे आठवण. काकांना हे मान्य नाही. “आठवण ठेवायला डोकं आहे की,” ते म्हणतात. “आणि डोकं खोटं बोलतं. फोटो म्हणजे पुरावा.”

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका पी.डब्ल्यू.डी.मध्ये ड्राफ्ट्समन होते. त्या खात्यात मेजरमेंट बुक नावाची एक वही असते. तिला सगळे एम.बी. म्हणतात. पूल बांधून झाला, त्यावरून गाड्या धावायला लागल्या, खाली नदीला पूरही येऊन गेला, तरी लांबी-रुंदी-उंची एम.बी.त चढल्याशिवाय तो पूल झाला असं खातं धरत नाही आणि बिल निघत नाही. उलट एम.बी.त चढला असेल तर... पण ते जाऊ द्या. ज्या माणसाने पस्तीस वर्षं या वहीच्या सावलीत काढली, त्याला लग्नही तसंच दिसणार. अग्नी साक्षी, ब्राह्मण साक्षी, हे सगळं ठीक. पण चढवलं का कुठे? काकांचे अल्बम ही आमच्या घराण्याची एम.बी. आहे. त्यात नसलेली मुंज ही, त्यांच्या लेखी, अद्याप प्रलंबित आहे.

काकांना एक दैवतही त्याच खात्यात मिळालं. लाला दीनदयाळ. भारतातल्या जुन्या छायाचित्रकारांत ज्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं ते दीनदयाळ 1866 साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून शिकून इंदूरला आले ते बांधकाम खात्यात, एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो इथे, नोकरी करता करता, 1870 नंतरच्या वर्षांत. महाराज तुकोजीराव दुसरे यांनी पाठ थोपटली, रेसिडेन्सीतले सर हेन्री डेली पाठीशी उभे राहिले, इंदूरला स्टुडिओ झाला. मध्य भारतातल्या देवळा-किल्ल्यांचे त्यांचे फोटो लेपेल ग्रिफिन यांच्या 1886 च्या ग्रंथात छापले गेले. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं, ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई ठेवली.

हे सगळं काका सांगतात ते आपल्या सख्ख्या मामाबद्दल सांगावं तसं. “आमच्याच खात्यातले. आमच्याच हुद्द्यावरचे.” मग एक सुस्कारा. “पण त्यांना तुकोजीराव भेटले. मला एक्झिक्युटिव्ह इंजिनियर भेटला.”

दीनदयाळांच्या काळातल्या छायाचित्रकारांची एक रीत काकांनी मनोभावे उचलली. भल्यामोठ्या इमारतीचा फोटो घेताना पायथ्याशी एक माणूस उभा करायचा, म्हणजे बघणाऱ्याला इमारतीच्या उंचीचा अंदाज येतो. बांधकाम खात्यातही हीच पद्धत. काकांनी त्या जागी काकूंना उभं केलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघं मांडूला गेली होती. त्या सहलीचे बारा फोटो आहेत. पहिल्यात सुमारे 120 मीटर लांबीचा जहाज महाल अख्खाच्या अख्खा आला आहे आणि त्याच्या डाव्या टोकाला, पानावर पडलेल्या शाईच्या ठिपक्याएवढ्या, नव्या नारायणपेठीतल्या काकू आहेत. होशंगशाहच्या कबरीच्या फोटोत त्या उजव्या टोकाला आहेत. रूपमतीच्या मंडपाच्या फोटोत कुठे आहेत यावर एकमत नाही. काका म्हणतात तिसऱ्या कमानीत, काकू म्हणतात तो गाइड आहे. “मधुचंद्राला नेलं आणि मोजपट्टी केलं,” हे वाक्य काकू अजून प्रत्येक नव्या सुनेला ऐकवतात. काका त्यावर गंभीरपणे म्हणतात, “हिची उंची पाच फूट एक. त्यावरून महालाची उंची काढून बघा, बरोबर येते.”

त्या बारा फोटोंवरून कुणीही जुना माणूस कॅमेरा ओळखेल. आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. 120 चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो, ना एक जास्त ना एक कमी. वर उन्हाचं चित्र आणि ढगाचं चित्र. बाकी अक्कल आपापली. काकांच्या ‘थांबा’चा उगम या बारा आकड्यात आहे. एका लग्नाला एक रोल, असं घरचं बजेट होतं. म्हणजे सीमांतपूजनाला दोन, लग्नाला पाच, पंगतीला दोन, विहिणींच्या पंगतीला एक (तो नाही काढला तर पुढे दहा वर्षं ऐकावं लागे), वरातीला एक, आणि एक राखीव. अशा हिशेबात माणसाने डोळा मिटला, मान हलवली, शिंक दिली, तर सरळ एक बारांश लग्न वाया. कुणालाही हा माणूस ओरडायला लागेल.

फोटो घरीच धुतले जात. वाड्यातलं न्हाणीघर रविवारी दुपारी जप्त होई. खिडकीवर काळं घोंगडं, दाराच्या फटीत गोधडी, आणि लाल कागद गुंडाळलेला झीरोचा बल्ब. तीन पराती: एकीत डेव्हलपर, एकीत पाणी, एकीत हायपो. हायपोची बाटली मुळात सरबताची, त्यामुळे तिच्यावर काकांनी कवटी काढून ठेवलेली. ड्राफ्ट्समनची कवटी, अगदी प्रमाणात. मला लहानपणी एकदा आत घेतलं होतं, हलायचं नाही या अटीवर. काचेच्या चौकटीत निगेटिव्ह आणि कागद एकावर एक दाबून ते दिव्यासमोर धरत आणि भीमरूपी म्हणायला लागत. घड्याळ दिसत नसे म्हणून ही सोय. दोन कडव्यांत फोटो उजळ येई, तीन कडव्यांत गडद. निगेटिव्ह फारच दाट असेल तर पूर्ण स्तोत्र. मग कागद परातीत सोडत, आणि पांढऱ्याफट्ट कागदावर आधी मामांची टोपी येई, मग मिशा, मग त्यांच्यामागून हळूहळू बाकीचं खानदान. धुतलेले फोटो चकाकी यावी म्हणून रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर ओलेच उलटे चिकटवायचे. वाळले की ते आपसूक सुटून खाली पडत. त्यामुळे सोमवारी सकाळी आमच्या वाड्यात कुणा ना कुणा नातेवाइकाच्या टपकन पडण्याचे आवाज येत असत.

पण काकांचं खरं काम फोटो वाळल्यावर सुरू होई. फोटो उलटा करायचा आणि टोकदार पेन्सिलीने पाठीवर, नकाशावरच्या टिपांच्या अक्षरात, मजकूर लिहायचा. तारीख, स्थळ, वेळ, आणि डावीकडून कोण कोण. एका पंगतीच्या फोटोमागचा मजकूर मला पाठ आहे: “आत्या. बेबीताई. बेबीताईंच्या सासूबाई (नाराज). वाढपी, अनोळखी. दोन मुलं, कुणाची ते विचारणे. कुत्रं, शेजाऱ्यांचं.” यातला ‘नाराज’ हा शब्द पुढे फार महागात पडला, पण काकांनी तो खोडला नाही. नोंद खोडत नाहीत. खोडायचीच तर एक रेघ मारून बाजूला सही करतात.

या एम.बी.चा उपयोग काय, तर भांडणात. आमच्याकडे कुठलाही कौटुंबिक वाद एका टप्प्यावर आला की कुणी तरी म्हणतंच, “काकांना बोलवा.” एकदा आत्याने भर दिवाळीत जाहीर केलं की धाकट्याच्या लग्नाला तिला बोलावणंच नव्हतं. काकांनी कपाट उघडलं. तिसऱ्या पंगतीत आत्या. हातात जिलबी, तोंड उघडं, समोर आग्रह करणारा मुलीचा बाप. आत्याने चष्मा वर करून, खाली करून बघितलं. आधी म्हणाली, ही मी नाहीच. साडी ओळखू आल्यावर म्हणाली, “आले होते मी. पण बोलावलं नव्हतंच.” याच्यापुढे फोटोचं काही चालत नाही. दुसऱ्या वेळी आजीच्या पितळी समईवरून दोन भावांत जुंपली होती; मोठा म्हणे ती आमच्याकडची, धाकटा म्हणे मला तोंडी दिली होती. काकांनी मुंजीचा फोटो काढला. समई आहे, ठसठशीत आहे, आणि मामांच्या घरातल्या देवघरात आहे. म्हणजे मुळात ती माहेराहून उसनी आणलेली. ती परत गेली, दोघे भाऊ एक झाले आणि काकांशी दोन वर्षं बोलले नाहीत.

मात्र पुरावा हा पाळीव प्राणी नव्हे, हे काकांना त्यांच्याच एका फोटोने शिकवलं. माझ्या मोठ्या चुलतभावाचा तो फोटो आहे, चार वर्षांचा असतानाचा. नवी चड्डी, हातात फुगा, आणि मागे राजवाडा. काकांच्या रिवाजाप्रमाणे राजवाडा सातही मजल्यांसकट आणि भाऊ पायथ्याशी, फुग्यासकट सव्वा इंच. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली आणि आतलं लाकूडकाम जळून गेलं. त्यानंतर कुणाकुणाला कळलं की अमक्यांकडे आगीच्या आधीचा फोटो आहे, वरच्या मजल्यांचे सज्जे अगदी स्वच्छ दिसतात. आर्किटेक्चर शिकणारी मुलं यायला लागली. भिंगं आली. एकाने तर सज्ज्याचे टोडे मोजले. काका प्रत्येकाला सांगत, “हा राजवाड्याचा फोटो नाही. हा आमच्या पुतण्याचा वाढदिवस आहे. पाठीवर बघा, लिहिलंय.” पोरं मान डोलवत आणि सज्जे मोजत. पुढे तो फोटो मोठा होऊन कुठल्याशा कार्यक्रमाच्या फलकावर लागला. आम्ही सगळे हौसेने बघायला गेलो. भाऊ कापला होता. फुगा तेवढा राहिला होता, कारण तो दगडी मजल्याच्या चौकटीत घुसला होता. साठीला आलेला माझा भाऊ त्या फुग्याकडे बघत बराच वेळ उभा होता. “हा माझा,” तो शेजारच्या एका अनोळखी बाईंना म्हणाला.

मला वाटतं, फोटोचं बरंचसं असंच आहे. आपण काढतो माणसाचा, आणि पुढे किंमत येते ती मागच्या दुकानाच्या पाटीला, भिंतीवरच्या कॅलेंडरला, कोपऱ्यातल्या सायकलीला. काकांच्या अल्बमातून अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला लोक येतात. रात्रभर चालणारे ते गिरण्यांचे चित्ररथ. हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली, तरी तिची झांकी निघत राहिली. काकांनी फोटो काढला होता तो झांकीपुढे उभ्या राहिलेल्या साडूचा. साडू आता कुणी बघत नाही. साडूंनाही बघवत नाही.

आता एका नाजूक खात्याकडे वळतो. वाड्यातल्या लग्नाच्या मुलींचे ‘दाखवायचे’ फोटो काकाच काढत. तेव्हा काकांचंच वय एकोणीस-वीस, पण कॅमेरा त्यांच्याकडे आणि स्टुडिओला पैसे पडत. जागा ठरलेली, गच्ची. शेवंतीची कुंडी ठरलेली. मनगटावर घड्याळ ठरलेलं; वाड्यात ते एकच होतं आणि प्रत्येक मुलीच्या फोटोत तेच आहे. वरपक्षाच्या मागण्या असत: एक उभा, एक बसलेला, एक बाजूने. 1880 नंतरच्या काळात पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँ नावाचा एक अधिकारी गुन्हेगारांचे एक समोरून आणि एक बाजूने असे फोटो घ्यायला लागला आणि जगभरच्या पोलिसांनी ती पद्धत उचलली. आमच्याकडच्या वरपित्यांना त्याची माहिती असायचं कारण नाही. स्वयंस्फूर्तीनेच त्यांनी तीच गाठली. पोलीस निदान वेणी किती लांब ते विचारत नसत.

या फोटोंच्या पाठीवर काका मजकुराखाली एक ओळ घालत: “कृपया फोटो परत पाठवावा.” आणि फोटो परत येत. जळगावहून, साताऱ्याहून, ग्वाल्हेरहून. वर चिठ्ठी टाचलेली, ‘पत्रिका जमत नाही’ किंवा नुसतंच ‘योग नाही’. चिठ्ठी मुलीची आई फाडून टाके; टाचणीचं भोक राहत असे. काकांना एका नजरेत कळे, ही तीन घरं फिरून आलीय, ही पाच. पण याबाबत हा बडबड्या माणूस आयुष्यात कुणाशी एक अक्षर बोलला नाही. पाठीवर लिहिलंही नाही. एम.बी.तल्या याच रकान्यात त्यांनी कधी शाई लावली नाही.

यथावकाश बाराचे छत्तीस झाले. छत्तीसच्या रोलवर जपून ओढलं तर सदतिसावा, कधी अडतिसावाही निघतो, हे कळल्यावर काकांना आयुष्यात प्रथमच महागाईभत्ता मिळाल्याचा आनंद झाला. मग एका धाकट्या पुतण्याने मोबाइल हातात दिला आणि काकांचं जगणं विसकटलं. फोटो संपतच नाहीत! ज्याला शेवट नाही त्याचा हिशेब कसा ठेवायचा? तरी त्यांनी सवय सोडली नाही. ‘थांबा’ तसंच, मागे पाऊल तसंच. एकदा साखरपुड्यात चुकून व्हिडिओचं बटण दाबलं गेलं. तीन मिनिटं अकरा माणसं श्वास रोखून उभी आहेत, नवरदेवाच्या नाकावर माशी बसते आणि उठते, मागून काकांचा आवाज, “ताई, खिसका... भिया, तू नाही, ताई... थांबा,” आणि शेवटी कुणी तरी दबक्या आवाजात, “झालं का हो?” मला विचाराल तर काकांची ही सर्वोत्तम कृती आहे. पुरावा म्हणून तर निर्विवाद.

त्यांची मोबाइलवरची खरी तक्रार वेगळी आहे. मोबाइलमधल्या फोटोला पाठ नसते. लिहायचं कुठे? त्यावर त्यांनी तोडगा काढला. फोटो काढायचा, मग वहीच्या पानावर नेहमीच्या अक्षरात तारीख, स्थळ, डावीकडून कोण कोण असं लिहायचं, आणि त्या पानाचा फोटो काढून तो लगेच दुसरा पाठवायचा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक फोटोमागोमाग त्याची पाठ येते. रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, म्हणजे गेरच्या, दिवशी ते राजवाड्याकडे फोन सांचीच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून जातात. टँकरमधून पाणी उडतंय, हवेत गुलालाचे लोट, माणूस माणसाला दिसत नाही. फोटो म्हणजे नुसता गुलाबी चौकोन. त्याची पाठ: “डावीकडून: ओळखू येत नाहीत. पण होते.”

मोबाइल देणारा हा पुतण्या डिझाइन शिकलेला. 2019 साली पॅरिसला महाराज यशवंतराव होळकरांवर मोठं प्रदर्शन भरलं होतं, माणिकबाग राजवाड्यातलं फर्निचर वगैरे, त्याचा सगळा अभ्यास याने केलेला. त्याने काकांना मॅन रे या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने काढलेले महाराजांचे आणि संयोगितादेवींचे फोटो दाखवले. काकांनी यशवंतराव आतापर्यंत पाहिले होते ते फेट्यात. इथे सुटातले तरुण महाराज आणि महाराणी एकमेकांना बिलगलेल्या, हसताहेत. काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“कुठे काढलाय?”

“युरोपात. साधारण 1930.”

“युरोपात कुठे? मागे काहीच नाही. खांब नाही, झाड नाही. उंची कशी कळणार?”

“काका, उंची कशाला? किती खूश आहेत बघा ना.”

“खूश आहेत ते दिसतंय,” काका म्हणाले. “पण ते चढवायचं कुठल्या रकान्यात?”

संयोगितादेवी 1937 मध्ये गेल्या, आणि माणिकबागेत आता कस्टम आणि जीएसटीवाल्यांचं ऑफिस आहे, हे पुतण्याने सांगितलं. ऑफिसचं ऐकून काकांना जरा बरं वाटलं. पण पुढे दोन-तीनदा त्यांनी तो फोटो पुन्हा मागून बघितला, हे मला ठाऊक आहे.

अलीकडे काकांनी नवी मोहीम काढली आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो आधीच काढून ठेवायचा. कारण अनुभव आहे. माणूस जातो, धावपळीत कुठल्या तरी ग्रुपफोटोतलं डोकं मोठं करून आणतात आणि हार घालतात. आमच्या एका आजोबांच्या भिंतीवरच्या फोटोत खांद्यावर चार बोटं आहेत. कुणाची, ते तेराव्यापर्यंत ठरलं नव्हतं. म्हणून काका हल्ली सांजच्याला सहज म्हणून कुणाकडे जातात, चहा घेतात, आणि कप ठेवता ठेवता म्हणतात, “इथे जरा या भिंतीशी बसता का? मान सरळ.” म्हातारी मंडळी आता हुशार झाली आहेत. सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात काका फोन काढताना दिसले की सत्तरीपुढची सगळी रांग एकदम बटाटेवड्याकडे वळते.

माईंकडे मात्र काकांची डाळ शिजली नाही. माई जुन्या वाड्यातल्याच, काकांहून वर्षा-दीड वर्षाने मोठ्या, आता सुदामानगरला मुलाकडे असतात. मीच स्कूटरवरून काकांना घेऊन गेलो होतो. चहा झाला. काकांनी भिंत हेरली, पांढरी, खिडकीचा उजेड बाजूने.

“माई, जरा इथे...”

“मेल्या, घाई कसली आहे?”

“घाई कशाची? एक असू द्यावा.”

माई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या त्या एक खाकी पाकीट घेऊन, आणि त्यातला चौकोनी फोटो त्यांनी काकांच्या हातात दिला. गच्ची, शेवंती, घड्याळ. विशीतल्या माई, मान किंचित वर, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारख्या. वरच्या कोपऱ्यात टाचणीची तीन भोकं.

“हा लावायचा. मुलाला सांगितलंय.”

काकांनी फोटो उलटा केला. स्वतःचं अक्षर वाचलं. “माई, हे बरोबर होणार नाही. तुम्ही आता अशा दिसत नाही. लोक विचारतील ही कोण.”

“विचारू देत.”

“शेजारी आप्पांचा फोटो आहे, ऐंशीचा. त्यांच्या नातीसारख्या दिसाल.”

“दिसेन. तीन घरांनी परत पाठवला होता हा. आता भिंतीवरून कोण परत पाठवतो ते बघते.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला. “भोकं बुजवून देतो. आता कॉम्प्युटरवर बुजतात, कळतसुद्धा नाही.”

“बुजवायची नाहीत.”

“बरं.” काकांनी खिशातलं पेन काढलं, चहाच्या बशीखालचा कागद ओढला. “साइज किती? आठ बाय दहा?”

माईंनी भिंतीवरच्या आप्पांकडे एकवार बघितलं.

“ह्यांच्यापेक्षा एक बोट मोठा,” त्या म्हणाल्या.